टीसीएल टाकूनही शेवटच्या नळाला ओटी कोरी? या चुका टाळा

बऱ्याच ग्रामपंचायतींत टीसीएलची, म्हणजे पाणी शुद्ध करायच्या ब्लीचिंग पावडरची, नोंद रोज होते. कधी कधी आठवड्याची एकदम, एकाच पेनाने. रजिस्टर चोख, आणि पहिल्या पावसात उपकेंद्रात जुलाबाचे पेशंट. पावडर टाकीत पडली म्हणजे क्लोरीन घरात पोचलं असं होत नाही. आयएस १०५०० या मानकानुसार घरच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळं, म्हणजे कशाशी न जुळलेलं, क्लोरीन लागतं. ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून करायची क्लोरीनची चाचणी; पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, कोरं राहिलं तर नाही. म्हणून ओटी शेवटच्या गल्लीत करा, टाकीखालच्या नळाला नव्हे.

पहिला संशय पावडरीवर घ्या. ताज्या टीसीएलमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं आणि हजार लिटरला ५ ग्रॅम हे माप त्याच हिशेबाचं. म्हणजे ५० हजार लिटरच्या टाकीला पाव किलो. गोणी उघड्या तोंडाने पंपघराच्या ओलीत पडून २० टक्क्यांवर उतरली, तर तेवढ्याच टाकीला चारशे ग्रॅमच्या वर लागते. गोळे झालेली, नाकाला न झोंबणारी पावडर जवळजवळ चुनाच समजा. स्वस्त पडते म्हणून वर्षाचा साठा एकदम भरू नका.

कोरडी पावडर टाकीत भिरकावणं हीसुद्धा नेहमीचीच सवय. प्लास्टिकच्या बादलीत कालवा, अर्धा तास ठेवा, चुना बसला की वरची निवळीच टाकीत सोडा. लोखंडी बादली नको. त्यानंतर अर्धा तास तरी व्हॉल्व्ह उघडू नका. पाणी गढूळ असेल तर क्लोरीन गाळावरच संपतं. आधी तुरटी, मग टीसीएल.

ओटीचे थेंब टाकले की रंग लगेच बघा. मोकळं क्लोरीन काही सेकंदांत पिवळं दिसतं. नळी हातात धरून गप्पा मारल्या तर उशिरा येणारा रंग दुसऱ्याच, कमी ताकदीच्या क्लोरीनचा असतो. चाचणीच्या नळीतलं पाणी पिऊ नका, फेकून द्या.

टाकीखाली पिवळा आणि टोकाला कोरा? मग एकेका व्हॉल्व्हपाशी ओटी करत पुढे जा. रंग जिथे उडतो, त्याच्या आधीच्या तुकड्यात गळती शोधा. तिथे बहुधा दिसतो तो खड्ड्यातला नळ. दाब कमी म्हणून लोक जमीन खणून नळ खाली घेतात, तोटी बसवत नाहीत. पाणी चालू असेपर्यंत ठीक. बंद झालं की रिकामी होणारी लाईन खड्ड्यातलं, शेजारच्या मोरीचं पाणी आत ओढते आणि दुसऱ्या दिवशी तेच पुढच्या घरांना जातं. नळाला थेट मोटर लावणारेही हेच करतात. ग्रामसभेत यावर भांडण होतं, होऊ द्या.

‘पाण्याला वास येतो’ अशी तक्रार आली की डोस घटवतात. आधी ओटी करा. घाण पाण्यातल्या अमोनियाशी क्लोरीन जुळलं तरी वास येतो. तेव्हा उलट डोस वाढवावा लागतो.

आणि प्रयोगशाळेची जंतू तपासणीची बाटली धुऊ नका. तळाशी असलेलं रसायन नमुन्यातलं क्लोरीन मारण्यासाठीच असतं. ते वाहून गेलं तर वाटेत क्लोरीन जंतू मारत राहतं आणि खराब पाण्याचा अहवालही ‘पिण्यास योग्य’ येतो. नमुना थंड ठेवून २४ तासांच्या आत पोचवा.