होमस्कूलिंगमधलं विज्ञान: एकाच प्रयोगावर रेंगाळण्याची मुभा

होमस्कूलिंग सुरू करणाऱ्या पालकांचा विज्ञानाबद्दलचा पहिला प्रश्न बहुधा सामानाचा असतो: कुठला किट घ्यायचा, सूक्ष्मदर्शक लागेल का, प्रयोगशाळेचं काय. दोन मुलांना घरी शिकवण्याच्या अनुभवावरून सांगते, सामानाची काळजी नंतर करा. शाळेत तास संपला की प्रयोग आवरावा लागतो. घरी तो आठवडाभर टेबलावर मांडलेला राहू शकतो. ही सवड फार मोठी आहे, वेळापत्रक आखताना आधी ती राखून ठेवा.

आमच्या मेणबत्तीचंच घ्या. ताटलीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वरून पालथा ग्लास. मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात चढतं. ‘हवेतला सुमारे २१ टक्के ऑक्सिजन जळून संपला, त्याची जागा पाण्यानं घेतली’ हे उत्तर अनेक ठिकाणी छापलेलं सापडतं आणि प्रयोग तिथेच संपतो. मी मुलीला एवढंच म्हटलं, पाणी नेमकं केव्हा चढतं ते बघ. मेणबत्ती जळत असताना ते जेमतेम हलतं. ज्योत विझत आली, विझली की भराभर वर येतं. मग तिनं एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या. पाणी आणखी वर गेलं. ग्लासातला ऑक्सिजन तर तेवढाच होता! ग्लास टेकवताना काठाखालून बुडबुडे सुटतात हे धाकट्याच्या नजरेला पडलं आणि कोडं सुटू लागलं. ज्योतीमुळे हवा तापून फुगते, थोडी बाहेर निसटते; ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. शिवाय मेणबत्ती विझते तेव्हा ग्लासात बराच ऑक्सिजन शिल्लक असतो. छापलेलं उत्तरही आपण तपासून पाहू शकतो हे मुलांना त्यातून कळलं, आणि मला ते कुठल्याही धड्यापेक्षा मोलाचं वाटतं. इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेनं १८४८ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी एका मेणबत्तीवर अख्खी व्याख्यानमाला दिली होती. त्याचं स्वतःचं शालेय शिक्षण जुजबीच. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करता करता तो वाचून शिकला.

लंबकही असाच रेंगाळू देणारा. एकाच झोक्याची वेळ मोजू नका. दहा आंदोलनांची (एक आंदोलन म्हणजे जाऊन परत येण्याचा पूर्ण झोका) मोजून दहानं भागा, म्हणजे स्टॉपवॉच दाबताना होणारा फरक विभागला जातो. झोके लहान ठेवा. २५ सेंटिमीटर लांबीला आंदोलनकाल साधारण १ सेकंद येतो, १ मीटरला साधारण २. लांबी चौपट, वेळ दुप्पट. वजनानं फरक पडत नाही, असं आम्ही वाचलं होतं. पण पाण्याची बाटली टांगली तेव्हा काठोकाठ भरलेली बाटली आणि पाव भरलेली बाटली यांच्या वेळा जुळेनात, पाव भरलेली सावकाश झुलायची. ‘वजनानं फरक पडतोच’ यावर मुलगी अडून बसली, आणि मी तिला अडून बसू दिलं. काही दिवसांनी तिच्याच लक्षात आलं की पाणी तळाशी गेल्यावर बाटलीचा गुरुत्वमध्य (सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरता येतं तो बिंदू; लंबकाची लांबी तिथपर्यंत मोजतात) खाली सरकतो, म्हणजे लंबकाची लांबीच वाढते. तिनं दोरी तेवढी आखडली. वेळा जुळल्या.

वहीबद्दल एकच आग्रह धरा: प्रयोगाआधी अंदाज लिहायचा, आणि तो चुकला तरी खोडायचा नाही. नीटनेटक्या आकृत्या पुढे येतात. रोजची छोटी निरीक्षणंही त्याच वहीत जाऊ द्या. उन्हात काठी रोवून दिवसातली सर्वांत आखूड सावली शोधली, तर ती घड्याळात बाराच्या ठोक्याला क्वचितच पडते आणि उत्तर-दक्षिण दिशा दाखवते. महिनाभरानं पाहा, लांबी बदललेली असते.

सुरक्षिततेत मात्र सवलत नाही. विजेचे प्रयोग फक्त १.५ व्होल्टच्या सेलवर, भिंतीच्या प्लगवर कधीही नाही. बटण सेल लहान भावंडाच्या हाती लागू देऊ नका. गिळला गेला तर अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते, थेट रुग्णालय गाठावं लागतं. ब्लीच आणि आम्लयुक्त क्लीनर एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू तयार होतो. भिंगातून किंवा दुर्बिणीतून सूर्याकडे पाहायचं नाही, हे पुन्हा पुन्हा सांगत राहा.

होमस्कूलिंगचे नियम ठिकठिकाणी वेगळे आहेत, काही देशांत शाळेत जाणं सक्तीचंच आहे. सुरुवातीलाच ते पाहून घ्या. पुढच्या परीक्षेला प्रात्यक्षिकं लागतात का, हेही तेव्हाच विचारा. मुलं मोठी झाली की तीव्र आम्लं, गॅस बर्नर, अचूक तराजू यांची गरज पडते आणि ते घरी करू नये. त्यासाठी एखाद्या महाविद्यालयाची किंवा विज्ञान केंद्राची प्रयोगशाळा वापरू देतील का, याची चौकशी गरज पडण्याच्या वर्षभर आधी सुरू करा, कारण परवानगीला वेळ लागतो आणि सोबत शिकवणारी माणसंही तिथेच भेटतात.