ज्यू अध्ययन केंद्रात येणाऱ्यांनो, आधी तारीख वाचायला शिका

बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजाच्या एकोणिसाव्या शतकातल्या पत्रव्यवहारावर पीएचडी करायला मी जेरुसलेममधल्या ज्यू अध्ययन केंद्रात आले, त्याला आता चार वर्षं होतील. फेलोशिप, अर्ज, शिफारसपत्रं यांवर भरपूर लिहिलं गेलंय, त्यामुळे त्यात शिरत नाही. पण माझ्या प्रबंधाचं अख्खं प्रकरण ज्या चुकीपायी फुकट गेलं, तिच्याबद्दल मला कोणीही आधी सांगितलं नव्हतं. म्हणून हे लिहितेय.

एक गैरसमज मात्र आधी दूर करते, कारण घरचे अजूनही विचारतात. हे केंद्र म्हणजे धर्म शिकवणारी शाळा नव्हे. १८१९ साली बर्लिनमध्ये काही तरुण ज्यूंनी आपल्या ग्रंथांचा इतिहासाच्या शिस्तीने अभ्यास करण्यासाठी संघटना काढली, तिथून ही विद्याशाखा सुरू होते. तुमचा धर्म कोणता, हे इथे कोणी विचारत नाही. समोरचा मजकूर तुम्हाला मुळातून वाचता येतो का, एवढंच विचारतात, आणि त्यात अजिबात सवलत नाही.

आता ती चूक. मुंबईहून गेलेल्या एका हिब्रू पत्रावर 'किसलेव, तरनह' अशी तारीख होती. हिब्रूत अक्षरांनाच आकड्यांची किंमत असते: ताव ४००, रेश २००, नून ५०, 'हे' ५. बेरीज ६५५. पाच हजार लिहायचे नाहीत, गृहीत धरायचे, म्हणजे ज्यू वर्ष ५६५५. लघुगणनेत, म्हणजे हजार सोडून लिहिलेल्या वर्षात, १२४० मिळवले की इसवी सन येतं, हे मी पाठ केलं होतं. ६५५ अधिक १२४०, म्हणजे १८९५. टिपून ठेवलं आणि पुढे गेले.

पण ज्यू वर्ष तिशरी महिन्यात, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला बदलतं. किसलेव साधारण आपल्या मार्गशीर्षाच्या आसपास येतो. नवं ज्यू वर्ष लागलेलं असतं, इंग्रजी वर्ष अजून जुनंच असतं. त्यामुळे तिशरीपासून ३१ डिसेंबरपर्यंत १२३९ मिळवायचे, पुढे १२४०. माझं पत्र डिसेंबर १८९४चं होतं. परदेशातून आलेलं मार्च १८९५चं जे इंग्रजी पत्र मी 'सुरुवात' समजत होते, ते खरं तर त्याचं उत्तर होतं. पुढाकार परदेशातल्या माणसाने घेतला, असं मी चाळीस पानं मांडलं होतं. पुढाकार मुंबईतल्या माणसाचा होता. एका आकड्याने त्याचं श्रेय मी काढून घेतलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

आणि आपल्याला हे अवघड जायचं कारणच नाही! शकाच्या वर्षात ७८ मिळवायचे की ७९, हे आपण तारीख १ जानेवारीच्या आधीची की नंतरची ते पाहूनच ठरवतो ना? त्यांचा महिनाही आपल्यासारखाच अमावास्येनंतर सुरू होतो. अधिकमासही आहे, एकोणीस वर्षांत सात वेळा. फरक इतकाच की आपला अधिकमास वेगवेगळ्या महिन्यांना लागतो, त्यांचा नेहमी अदार हाच महिना दोनदा येतो. नुसतं 'अदार' दिसलं तर ते वर्ष अधिकमासाचं होतं का, ते तपासा. दिवस सूर्यास्ताला बदलतो, म्हणून रात्रीच्या घटनेत एक दिवस चुकतो. पंधरा आणि सोळा हे दहा अधिक पाच, दहा अधिक सहा असे लिहीत नाहीत, कारण ती ईश्वराच्या नावातली अक्षरं होतात. ते नऊ अधिक सहा, नऊ अधिक सात असे लिहितात. मी सुरुवातीला त्याला लेखनिकाची चूक समजले होते.

तारखा बदलून देणारी संकेतस्थळं आहेत. वापरा, पण हाताने करून झाल्यावर, पडताळण्यापुरती. रोमन लिपीतून हिब्रू शिकवणारे वर्ग तर मला साफ नापसंत आहेत. त्यांनी माझं अर्धं वर्ष खाल्लं.

गाईड निवडताना नावाला भुलू नका. माझे पहिले मार्गदर्शक मोठे विद्वान होते, पण त्यांनी ते पत्र माझ्यासोबत बसून एकदाही वाचलं नाही. चूक सापडली ती एका सहाध्यायिनीबरोबर वाचताना. इथे दोघांनी मिळून मजकूर मोठ्याने वाचायची जुनी रीत आहे, तिला हव्रुता म्हणतात. असा जोडीदार पहिल्याच महिन्यात शोधा. एकट्याने वाचाल तर चुकाल, हे स्पष्टच सांगते.

घाबरू मात्र नका. तुमच्याकडे मराठी आहे, आणि या विषयात ते फार मोठं भांडवल आहे. पुण्यात १८७४ साली हिब्रू आणि मराठीत हगादा, म्हणजे पेसाह सणाच्या रात्री वाचायची पोथी, छापली गेली. तिच्यातल्या चित्रांत मत्झा, म्हणजे त्या सणाची बेखमीर रोटी, करणाऱ्या बायका साड्या नेसून बसल्यात. हे पुस्तक केंद्रातल्या टेबलावर उघडलं, की दोन्ही बाजू वाचू शकणारी माणसं त्या खोलीत किती असतात? बहुतेक वेळा मी एकटीच होते.

तिशरीच्या सणांत जेरुसलेमला पोचू नका. प्रत्येक कामाला 'सणांनंतर' हेच उत्तर मिळतं आणि एकटेपण फार जाणवतं.

निघण्याआधी एक दिवस काढून नवगावला, अलिबागजवळ, बेने इस्राएलांच्या दफनभूमीत जा. हिब्रू आणि मराठी दोन्ही कोरलेला एखादा दगड शोधा. मराठी तारखेवर हात ठेवा, हिब्रू तारखेवरून वहीत साल काढा आणि मगच हात उचला.