३३ इंची टायर आणि ४.५६ चा गिअर

कोलोरॅडोत घेतलेल्या जुन्या पिकअपला आधीच्या मालकाने ३३ इंची टायर चढवले होते, मूळचे साडेएकोणतीस. रुबाब झकास, पण आय-७० महामार्गाच्या घाटात टॉप गिअर टिकेचना. टायर बारा टक्के मोठा झाला की ४.१० चा फायनल ड्राइव्ह (चाकाच्या एका फेऱ्यामागे गिअरबॉक्सकडून येणारा दांडा किती फेरे मारतो ते गुणोत्तर) ३.६७ सारखा वागतो. स्पीडोमीटरचा काटा ६० मैलांवर, गाडी ६७ वर!

पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलमध्ये (चाकांना ताकद वाटून देणारी पेटी) ४.५६ ची क्राउन-पिनियन (हे गुणोत्तर ठरवणारी दातेरी चाकांची जोडी) बसवली. फोर बाय फोरमध्ये एकच बाजू बदलून भागत नाही. मजुरीने खिसा साफ केला, ते सोडा. सेन्सर गिअरबॉक्सवर, म्हणजे या जोडीच्या आधी, असल्याने स्पीडोमीटरही ताळ्यावर आला.

रिम १६ इंचीच ठेवले. टायरची भिंत उंच राहते, खडकांत हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवता येते. पूर्ण वळणावर टायर मडफ्लॅपला घासायचा, म्हणून मडफ्लॅपच कापून टाकला.