बाळाच्या छातीचा फोटो काढताना

आठ महिन्यांचं बाळ, छातीत घरघर आणि चिठ्ठीवर 'चेस्ट एपी', म्हणजे छातीचा समोरून काढलेला एक्स-रे फोटो. एक्स-रे विभागात नव्याने लागलेल्या पोरापोरींना मी जे सांगते, तेच इथे लिहिते.

बाळाला लगेच आत घेऊ नका. आधी पिशवीत जुना फोटो आहे का विचारा. चार दिवसांपूर्वीचा निघाला तर डॉक्टरांना दाखवून या, कधी कधी नवा काढावाच लागत नाही. मग बाळ बाहेर असतानाच कॅसेट (जिच्यावर फोटो उमटतो ती पाटी) लावा, अंतर मोजा, फॅक्टर, म्हणजे किरणांचा जोर आणि वेळ यांचे आकडे, भरा. पॅनेलवर आधीच्या धिप्पाड पेशंटचे आकडे तसेच असतात, त्यावरच बटण दाबणारे मी पाहिलेत. मी जोर ६० ते ६५ केव्ही (किलोव्होल्ट) घेते, आणि किरणांची वेळ मशीन देईल तेवढी कमी. ग्रिड, म्हणजे विखुरलेले किरण अडवणारी जाळी, काढायचा. एवढ्याशा छातीला तो लागत नाही, उगाच किरणांचा डोस वाढतो.

गळ्यातला काळा दोरा आणि ताईत. आजी काढू देत नसेल तर भांडू नका, हनुवटीच्या वर सरकवा. फुप्फुसावर ताईत आला की फोटो पुन्हा, म्हणजे डोस दुप्पट.

धरायला आई असेल तर दिवस गेलेत का, हे बाजूला घेऊन विचारा. तसं असेल तर बाप, नाहीतर मामा. वॉर्डातल्या मावशींना रोज धरायला लावू नका, स्वतःही धरू नका. आपल्यासमोर एक बाळ नसतं, वर्षभर रांग असते. धरणाऱ्याला लेड (शिशाचा) ॲप्रन. बाळाचे दोन्ही हात वर, कानाशी दाबून, म्हणजे मुंडीही वळत नाही. किरण कुठे पडणार ते मशीन उजेडाच्या चौकटीने दाखवतं, धरणाऱ्याची बोटं त्या चौकटीबाहेर.

ती चौकट गळपट्टीच्या हाडापासून शेवटच्या बरगडीपर्यंत, बास. मी पूर्वी जिथे होते तिथे मानेपासून मांड्यांपर्यंत अख्खं बाळ घेत आणि नंतर कॉम्प्युटरवर कापत. कापलेला भाग डॉक्टरांना दिसत नाही, पण किरण पोटातून जायचे ते गेलेलेच असतात. फिल्मच्या काळात डोस जास्त झाला की फोटो काळा पडून चोरी पकडली जायची. डिजिटलमध्ये तो छानच दिसतो, म्हणून एक्स्पोजर इंडेक्सचा, म्हणजे कॅसेटवर किती किरण पोचले त्याचा, आकडा बघत जा.

आई विचारतेच, "ताई, किरणांनी काही होणार नाही ना?" छातीच्या एका फोटोचा डोस साधारण ०.०२ मिलिसिव्हर्ट (किरणांचा डोस मोजायचं माप). माती, हवा, आकाशातून आपल्याला वर्षाला सरासरी २.४ मिळतो. म्हणजे तीन दिवसांचा, असं सांगा. सीटी असेल तर हे उत्तर चालत नाही, तिथे आकडा कितीतरी पट मोठा असतो.

आता बटण. अर्धं दाबून रोटर, म्हणजे एक्स-रे नळीतला फिरणारा भाग, फिरू द्या आणि बाळाकडे बघा. रडताना ते श्वास सोडत जातं, लाल होतं, आवाज संपतो, आणि मग हुंदका देऊन आत ओढतं. पोट फुगलं की पूर्ण दाबा.

स्क्रीनवर फोटो बघेपर्यंत आजीला दोरा खाली ओढू देऊ नका.