ग्वाल्हेरच्या थंडीसाठी हिरवळीचे बियाणे निवडताना

दिवाळी उलटली की ग्वाल्हेरच्या अंगणांतील हरळीचा रंग उतरू लागतो आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत ती पार पिवळी पडते. आपल्याकडचे माळी जिला दूब म्हणतात ती ही हरळी मेलेली नसते. रात्रीचे तापमान सतत १० अंश सेल्सिअसच्या खाली राहू लागले की ती पानांची वाढ थांबवते, खोडांत आणि मुळांत अन्न राखून ठेवते आणि फेब्रुवारीच्या अखेरीस पुन्हा फुटते. म्हणून झोपलेल्या हरळीवर पेरायचे हिवाळी बियाणे विकत घेण्यापूर्वी हे ठरवावे की आपल्याला दोन-अडीच महिन्यांचा हिरवा रंग खरोखर हवा आहे का. तिघरा धरणाच्या पाण्याची ओढ दर उन्हाळ्यात सोसणाऱ्या या शहरात, ज्यांच्याकडे स्वतःची विहीर किंवा बोअर नाही त्यांनी हरळी तशीच झोपू द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. फार तर दारापुढचा, नजरेत भरणारा तुकडाच पेरावा.

ज्यांना पेरणी करायचीच आहे त्यांनी या दिवसांत हरळीचे बी मात्र घेऊ नये. जमीन सुमारे १८ ते २० अंशांपर्यंत तापल्याशिवाय ते नीट उगवत नाही. नोव्हेंबरात टाकलेले बी मातीत पडून राहते आणि त्यातले बरेचसे मुंग्या आणि होले संपवतात. दुकानात मिळणाऱ्या परदेशी पाकिटांवर केंटकी ब्लूग्रास आणि फेस्क्यू ही नावेही दिसतात. ही थंड प्रदेशातील गवते आहेत. ब्लूग्रास उगवायलाच तीन-चार आठवडे घेते, तोवर आपली कडाक्याची थंडी सुरू झालेली असते, आणि मे महिन्यातील ४४-४५ अंशांच्या उन्हात ती जगवण्याचा खर्च कोणत्याही घरगुती बागेला परवडणारा नाही.

उरते ते रायगवत. आठवड्या-दहा दिवसांत उगवणारे आणि थंडीत गर्द हिरवे राहणारे हे गवत दोन प्रकारांत मिळते. वार्षिक रायगवत स्वस्त असते, पण पाने रुंद, रंग फिकट आणि वाढ इतकी जोमाची की चार-पाच दिवसांनी कापणी करावी लागते. बारमाही रायगवत बारीक पानाचे, गडद रंगाचे असते आणि पायाखाली तुडवले गेले तरी लवकर सावरते. देवउठनी एकादशीनंतर लग्नांची गर्दी सोसणाऱ्या मॅरेज गार्डनसाठी तेच योग्य. नावात बारमाही असले तरी आपल्याकडे ते उन्हाळा काढत नाही. मात्र मार्च थंड गेला तर ते एप्रिलपर्यंत ठाण मांडून बसते आणि खालून फुटू पाहणाऱ्या हरळीचा प्रकाश अडवते. त्यामुळे ज्यांची हरळी आधीच विरळ आहे किंवा ज्यांना वसंतात कापणीकडे लक्ष देता येणार नाही, त्यांनी वार्षिक जातच घ्यावी. जानेवारीत बाग कशी दिसेल याहून एप्रिलमध्ये हरळीला जागा मिळेल की नाही, यावर बियाण्याची निवड करावी.

ज्या जमिनीत खाली हरळी नाहीच, तिथे रायगवत पेरल्यास मे महिन्यात उघडी माती हाती राहते. अशा नव्या बागेने पावसाळ्याच्या तोंडापर्यंत थांबावे आणि तेव्हा हरळीचे ठोंब किंवा सिलेक्शन-१ या हिरवळीच्या गवताचे तयार कार्पेट लावावे.

पाकीट घेताना चित्र पाहू नये, लेबल वाचावे. जातीचे नाव, शुद्धतेची टक्केवारी, उगवणीची टक्केवारी, तणाच्या बियांचे प्रमाण आणि तपासणीची तारीख या पाचही गोष्टी छापलेल्या असाव्यात. नुसते ‘विंटर ग्रास’ असे लिहिलेली सुटी पिशवी घेऊ नये. शुद्धता ९५ टक्के आणि उगवण ८५ टक्के असेल, तर किलोभर बियाण्यात खरे उगवणारे बी सुमारे ८०० ग्रॅमच असते आणि दोन दुकानांतील भावाची तुलना याच हिशेबाने करावी. तणाच्या बियांकडे दुर्लक्ष केल्यास गव्हातील गुल्लीदंडा नावाचे तण आपल्या अंगणात येऊ शकते. मुरारच्या बाजूला ज्यांची बाग शेताला लागून आहे त्यांनी रायगवतालाही ओंब्या धरू देऊ नयेत, कारण गव्हाच्या रानात तेही तणच ठरते.

लेबलवर विश्वास असला तरी घरी उगवण तपासावी. १०० दाणे मोजून ओल्या सुती फडक्यात गुंडाळावेत, फडके सावलीत दमट ठेवावे आणि दहाव्या दिवशी कोंब मोजावेत. ८० च्या आसपास कोंब आले तर हिरव्या हरळीवर दर चौरस मीटरला ४० ग्रॅम, म्हणजे हजार चौरस फुटांना पावणेचार किलो बी पुरते. ६० च आले तर प्रमाण वाढवावे किंवा बियाणे परत करावे. एका ग्रॅममध्ये रायगवताचे सुमारे ५०० दाणे बसतात, म्हणून हरळीच्या बारीक बियांच्या मानाने हे वजन जास्त वाटते.

पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, दुपारचे तापमान ३० अंशांखाली आणि पहाटेचे १५ च्या आसपास आल्यावर करावी. ऑक्टोबरच्या उष्ण, दमट जमिनीत कोवळी रोपे बुरशीने कोलमडतात. डिसेंबरात उगवण रेंगाळते. हरळीला महिनाभर आधीपासून युरिया देऊ नये, पेरणीच्या दिवशी ती दीड सेंटिमीटरवर कापावी आणि वाळलेला थर दाताळ्याने ओढून काढावा, कारण बी मातीला टेकले नाही तर सगळा खर्च वाया जातो. बियाण्याचे दोन भाग करून एक उभा आणि एक आडवा फोकावा. वर चाळलेल्या, पूर्ण कुजलेल्या कंपोस्टचा अर्धा सेंटिमीटर थर द्यावा. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी रूढ केलेली कंपोस्टची पद्धत आपल्याच माळव्यातील आहे. तसे खत घरी करता आले तर कच्च्या शेणखतातून येणारा नागरमोथा टळतो. पहिले दहा दिवस दिवसातून दोन-तीनदा हलका फवारा द्यावा. नंतर पाणी कमी करावे आणि धुक्याच्या दिवसांत ते सकाळी उशिराच द्यावे.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून कापणीची उंची हळूहळू खाली आणावी, दोन पाण्यांमधले अंतर वाढवावे आणि हरळीचे हिरवे कोंब दिसू लागेपर्यंत युरिया थांबवावा. उरलेले बी कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे आणि पुढच्या ऑक्टोबरात फडक्यातील चाचणी पुन्हा केल्याशिवाय वापरू नये.