बेल्जियन माणसाचं परदेशी पदक शोधताना

पदक ज्या देशानं दिलं, त्याच देशाच्या दफ्तरात शोध घ्या. बेल्जियमच्या सेवापुस्तिकेत बहुधा पदकाचं नाव आणि तारीख एवढंच सापडतं. ते 'का' दिलं, हे शिफारसपत्रात असतं. दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश लष्करी शिफारसपत्रं लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'डब्ल्यूओ ३७३' या मालिकेत आहेत आणि ती ऑनलाइन नावानं शोधता येतात. हुद्दा, पलटण, पराक्रमाचा वृत्तान्त, वरिष्ठांच्या सह्या, सगळं एका छापील फॉर्मवर. कुणाची शिफारस वाचली की तो माणूस समोर उभा राहतो, म्हणून हा खटाटोप करावाच.

'लंडन गॅझेट' या ब्रिटिश सरकारी राजपत्रात नाव नाही म्हणून हात टेकू नका. परदेशी नागरिकांची मानद पदकं तिथं बरेचदा छापलीच जात नसत.

खरी अडचण आडनावांची. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांना शत्रूच्या तावडीतून बाहेर काढणाऱ्या कॉमेट या सुटका-साखळीतल्या आंद्रे द योंग (de Jongh) यांना १९४६ मध्ये ब्रिटनचं जॉर्ज मेडल मिळालं. त्यांचं आडनाव कुठं 'डी'खाली लागतं, तर कुठं 'जे'खाली. 'व्हान' आणि 'व्हान डेन'चंही तेच. शिवाय फ्लेमिश 'यान' फ्रेंच कागदात 'जाँ' होतो. सगळी रूपं आधी वहीत लिहून घ्या, मगच शोधायला बसा. आंद्रेंसारख्या नागरी मदतनीसांसाठी अमेरिकेचं राष्ट्रीय अभिलेखागारही पाहा. शत्रूच्या तावडीतून वैमानिकांना वाचवणाऱ्या बेल्जियन लोकांच्या फायली तिथं आहेत.