इंदूरहून पुण्याला बिऱ्हाड हलवताना

ट्रकपेक्षा मला कागदांची काळजी जास्त होती. गॅस एजन्सीत सिलेंडर आणि रेग्युलेटर जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घेतलं, अनामतही परत मिळाली. पुण्यात नव्या कनेक्शनसाठी तोच कागद लागतो. एमपी-०९ची स्कूटर १२ महिन्यांपेक्षा जास्त राज्याबाहेर राहणार, म्हणून आरटीओत फॉर्म २८ भरून ना हरकत दाखला काढला.

खरा प्रश्न होता आईच्या चिनी मातीच्या बरण्यांचा. आजीच्या वेळच्या, ट्रकमध्ये द्यायला ती तयारच नव्हती. मग लोणचं काचेच्या छोट्या बाटल्यांत भरून आमच्याबरोबर घेतलं. बरण्या धुऊन उन्हात वाळवल्या, जुन्या सुती लुगड्यांत एकेक गुंडाळून गाद्यांच्या मधे बसवल्या. एकही तडकली नाही. फ्रिज आदल्या रात्रीच बंद करून कोरडा केला होता, तो उभाच नेला.